आगीतून फुफाट्यात

घरात बाळ जन्माला आले की त्या घराची रीतच पालटते. शेगडी कोपऱ्यात सरकते, मेणबत्ती उंच फळीवर जाते, आगपेटी कुणाच्या तरी खिशात राहू लागते. न्हाणीतले पाणी बाळाच्या अंगावर घालण्यापूर्वी आई स्वतःचा हात त्यात बुडवून पाहते. जे स्वतःचे रक्षण करू शकत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने जागे राहायचे, हा मानवी नीतीचा बहुधा सर्वांत जुना पाठ असावा. आणि माणूस तो पाळण्यापाशीच शिकला असावा.

परंतु आधुनिक जगात बाळाच्या रक्षणाचे काम एकट्या घराकडे राहिलेले नाही. कायदे करणारे, कारखाने चालविणारे, मालाच्या कसोट्या ठरविणारे असे अनेक अनोळखी लोक आपल्या वतीने निर्णय घेत असतात. बाळाचे झोपायचे कपडे पेटू नयेत, सोफ्याची गादी भडकू नये, म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, कापडात आणि फोममध्ये ज्वालारोधक रसायने मिसळण्यात आली. हेतू आगीपासून वाचविण्याचा होता. पुढे यांतील काही रसायने मातांच्या रक्तात व दुधात आढळली आणि वारेतून गर्भातील बाळापर्यंतही पोहोचल्याचे दिसून आले. ‘आगीतून उठून फुफाट्यात पडणे’ असे आपण सहज म्हणतो. येथे ते अक्षरशः घडले. या हकीगतीत विज्ञान आहे, व्यापार आहे, राजकारणही आहे. पण तिच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे: जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने धोका पत्करण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटींवर?

प्रथम गोठवून ठेवलेल्या दुधाची हकीगत. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे माता आपले जादा दूध ज्या केंद्रात देतात, तेथील दुधाचे नमुने शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. डीडीटीसारखी कीटकनाशके आणि विजेच्या यंत्रसामग्रीत वापरली जाणारी पीसीबी ही रसायने आईच्या दुधात किती उतरतात, हे त्यांतून पाहिले जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेच जुने नमुने एका निराळ्या रसायनसमूहासाठी तपासण्यात आले. त्याचे नाव पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर, थोडक्यात पीबीडीई. फोम आणि प्लास्टिक सहज पेटू नये म्हणून त्यांत घातली जाणारी ही ब्रोमीनयुक्त रसायने होत. १९७२ सालच्या दुधात स्निग्धांशाच्या दर ग्रॅममागे त्यांचे प्रमाण ०.०७ नॅनोग्रॅम होते. १९९७ सालच्या दुधात ते ४.०२ नॅनोग्रॅम झाले होते. म्हणजे सुमारे दर पाच वर्षांनी दुप्पट, आणि पंचवीस वर्षांत पन्नास पटींहून अधिक.

नॅनोग्रॅम हा ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या अल्प मात्रेचे भय ते काय, असे कोणी म्हणेल. पण येथे मात्रेइतकीच दिशाही महत्त्वाची होती. त्याच पंचवीस वर्षांत डीडीटी आणि पीसीबी यांचे दुधातील प्रमाण घटत चालले होते, कारण त्यांच्यावर निर्बंध आले होते. एक दार लावले जात असताना दुसरे दार हळूहळू उघडत होते आणि कोणाचे तिकडे लक्ष नव्हते. स्वीडिश शास्त्रज्ञांनी ते आकडे पुढे ठेवले. युरोपीय संघाने २००४ साली या समूहातील दोन व्यापारी मिश्रणांवर बंदी घातली, आणि स्टॉकहोमच्या मातांच्या दुधातील मुख्य पीबीडीईंचे प्रमाण तर त्याआधीच उतरणीला लागले होते. अमेरिकेत मात्र ते कितीतरी वर गेलेले होते. टेक्सासमधील ४७ मातांच्या दुधाच्या तपासणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तेथील सरासरी सुमारे ७४ नॅनोग्रॅम भरली. एका मातेच्या दुधात तर ४१९.

ही रसायने गादीतून दुधात येतात कशी? फोमशी त्यांची रासायनिक गाठ बांधलेली नसते. ती त्यात नुसती मिसळलेली असतात. फोम जुना होतो, झिजतो, आणि ती घरातल्या धुळीत उतरतात. हातांवाटे, अन्नावाटे ती शरीरात जातात आणि चरबीत साठून राहतात. निम्मे प्रमाण उतरायलाही त्यांतील काहींना वर्षे लागतात. स्तनदा मातेच्या शरीरातील चरबी दुधाच्या रूपाने बाळाला मिळते, तेव्हा चरबीतले हे साठेही सोबत जातात. पुढे बाळ रांगू लागते. त्याचे सारे जग जमिनीवर असते आणि त्याचा हात पदोपदी तोंडात जातो. घरातली धूळ मोठ्या माणसांपेक्षा त्याच्याच पोटात अधिक जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पीबीडीईच्या रेणूची ठेवण थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. गर्भातील बाळाच्या मेंदूची घडण याच संप्रेरकावर अवलंबून असते. म्हणून शास्त्रज्ञांनी माता आणि बालके यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या आसपासच्या रुग्णालयांत प्रसूत झालेल्या मातांच्या नाळेतील रक्त राखून ठेवण्यात आले होते. ज्या बालकांच्या नाळरक्तात पीबीडीईचे प्रमाण अधिक होते, त्यांचे बौद्धिक चाचण्यांतील गुण पुढील काही वर्षांत सरासरीने कमी भरले, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोरे हा भाजीपाल्याच्या शेतीचा प्रदेश. तेथील मेक्सिकन वंशाच्या, मुख्यतः शेतमजूर कुटुंबांतील मातांचा अभ्यास या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. त्या अभ्यासाचे नाव ‘चामाकोस’. मेक्सिकोच्या बोलीत त्याचा अर्थ ‘पोरेबाळे’. येथेही एकाग्रता, बोटांचे सूक्ष्म कौशल्य आणि आकलन यांबाबत तसाच संबंध दिसला. हे निष्कर्ष सरासरीचे आहेत. त्यांवरून कोणत्याही एका बाळाचे भवितव्य वर्तविता येत नाही, आणि संबंध दिसला म्हणजे कारण निर्विवाद सिद्ध झाले असेही नाही. पण निरनिराळ्या ठिकाणचे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवीत असतील, तर त्या दिशेला पाहणे भाग आहे.

याच खोऱ्यातील एक तुलना मन विषण्ण करणारी आहे. तेथील सात वर्षांच्या मुलांच्या रक्तातील पीबीडीई त्यांच्या मातांच्या गरोदरपणातील प्रमाणाच्या तिप्पट आढळले, आणि मेक्सिकोत वाढणाऱ्या मुलांच्या प्रमाणाच्या सातपट. आईबाप दारिद्र्यातून वर येण्यासाठी, मुलांना बरे दिवस यावेत म्हणून सीमा ओलांडून आले होते. नव्या देशाने त्या मुलांना शाळा दिली, दवाखाना दिला, आणि कोणाच्याही नकळत हेही दिले.

हे सारे अजाणता घडले, आधी कल्पना आली नाही, असा बचाव करता आला असता. पण इतिहास तो बचाव टिकू देत नाही. १९७३ साली मिशिगन राज्यात एक अपघात घडला. तेथील एक रासायनिक कारखाना गुरांच्या खाद्यासाठी मॅग्नेशियम ऑक्साइड बनवीत असे आणि ‘फायरमास्टर’ नावाचे ज्वालारोधकही बनवीत असे. गुरांच्या पूरक खाद्याचे नाव होते ‘न्यूट्रिमास्टर’. नावांत साम्य, पिशव्यांत घोटाळा, आणि कित्येक शे किलो ज्वालारोधक गुरांच्या खाद्यात मिसळले गेले. गाई आटल्या, गाभडल्या, खंगल्या. रिक हॅल्बर्ट नावाच्या एका दूध उत्पादकाने रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले होते. आपल्या गाईंना काय झाले याचा शोध त्यांनी चिकाटीने घेतला म्हणून १९७४ साली उलगडा झाला. तोवर दूध, मांस आणि अंडी घरोघर पोहोचली होती. पुढे सुमारे ३०,००० गुरे आणि १५ लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

माणसांचे काय? मातांच्या दुधाची पाहणी झाली, तेव्हा मिशिगनच्या दाट वस्तीच्या दक्षिण भागात तपासलेल्या मातांपैकी ९६ टक्के मातांच्या दुधात ते रसायन सापडले. ही पाहणी करणाऱ्यांचे प्रमुख होते डॉ. लॅरी ब्रिलियंट. त्याआधी काही वर्षे त्यांनी आपल्या देशात देवीच्या रोगाच्या निर्मूलनाचे काम केले होते. ज्यांच्या माता अधिक बाधित होत्या आणि ज्यांनी आईचे दूध प्यायले होते, त्या मुलींना ऋतुप्राप्ती लवकर झाल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे १९७३ च्या चुकीचा हिशेब जे तेव्हा जन्मलेही नव्हते त्यांच्या देहात चालू राहिला.

दुसरा इशारा मुलांच्या कपड्यांनी दिला. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मुलांचे झोपायचे कपडे ज्वालारोधक असावेत असा नियम आला आणि त्यासाठी ‘ट्रिस’ नावाचे रसायन सर्रास वापरले जाऊ लागले. जानेवारी १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले की हे रसायन पेशींच्या जनुकांत बिघाड घडविते आणि ते कर्करोगकारक असण्याचा संभव आहे. त्याच वर्षी त्या कपड्यांवर बंदी आली. पुढच्या वर्षी असेही दाखविण्यात आले की हे कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत त्या रसायनाचा अंश उतरतो. बंदीनंतर पडून राहिलेला माल परदेशी रवाना होऊ लागला, आणि ती निर्यात थांबविण्यासाठी १९७८ साली वेगळा आदेश काढावा लागला. आपल्या मुलांना जे घातक ते दुसऱ्यांच्या मुलांना चालेल, हा विचार कोणी बोलून दाखवीत नाही. तो गोदामातून बोटीपर्यंत मुकाट्याने चालत जातो.

या आर्लीन ब्लम म्हणजे १९७८ साली अन्नपूर्णा शिखरावर गेलेल्या महिलांच्या मोहिमेच्या नेत्या. सुमारे तीस वर्षांनी त्या याच प्रश्नाकडे परतल्या. ट्रिसची जागा घेणारे त्याचे एक भावंड मुलांच्या कपड्यांतून काढून टाकण्यात आले होते. तेच आता सोफ्यांच्या फोममध्ये नांदत होते. २०११ साली बाळांच्या वस्तूंमधील फोमचे १०१ नमुने तपासले गेले: गाड्यांतील बाळखुर्च्या, दूध पाजताना घ्यायच्या उशा, कपडे बदलायच्या गाद्या. त्यांतील ८० टक्के नमुन्यांत ज्वालारोधके सापडली आणि हे भावंड सर्वाधिक ठिकाणी होते. झोपायच्या सदऱ्यातून जे काढले ते आईच्या मांडीवरच्या उशीत शिरले होते.

असे का व्हावे? कॅलिफोर्नियाने १९७५ साली एक कसोटी ठरविली होती. फर्निचरमधील उघड्या फोमला लहानशी ज्योत बारा सेकंद लावली तरी तो पेट घेता कामा नये. बाजार मोठा, म्हणून उत्पादक सगळ्या देशासाठी तसाच माल बनवू लागले. परंतु घरात आग लागते ती आधी वरच्या कापडाला. कापड पेटले की फोमपुढे येणारी ज्वाला बरीच मोठी असते आणि तेथे या रसायनांचा फारसा इलाज चालत नाही. शिवाय फर्निचरला लागणाऱ्या आगींचे मोठे कारण होते जळती सिगारेट. ‘शिकागो ट्रिब्यून’ने २०१२ साली एक लेखमाला प्रसिद्ध केली. आपोआप विझणारी सिगारेट बनविण्याचा आग्रह टाळण्यासाठी तंबाखू कंपन्यांनी लोकांचे लक्ष फर्निचरकडे कसे वळविले, आणि नागरिकांची चळवळ म्हणून मिरविणारी एक अग्निसुरक्षा संस्था प्रत्यक्षात तीन रसायन उत्पादकांनीच कशी उभी केली होती, हे तिच्यात कागदपत्रांनिशी मांडले होते.

त्याच लेखमालेतील एक प्रसंग या साऱ्या प्रश्नाचे मर्म दाखवितो. जळित रुग्णांवर उपचार करणारे एक नामांकित शल्यचिकित्सक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळापुढे साक्ष देत असत. एक तान्हे बाळ, ज्वालारोधक नसलेली त्याची उशी, मेणबत्तीने लागलेली आग आणि त्या बाळाचा वेदनामय अंत. ऐकणाऱ्यांची मने हेलावत. वार्ताहरांनी शोध घेतला तेव्हा असे बाळ सापडलेच नाही. निरनिराळ्या साक्षींतील तपशीलही एकमेकांशी जुळत नव्हते. साक्षीदाराला त्या संस्थेकडून मोबदला मिळत होता, असेही उघड झाले.

क्षणभर थांबून या प्रसंगाकडे पाहावे. ज्याचे अस्तित्वच नव्हते अशा बाळाची कणव जागवून कायदा राखला गेला. आणि त्याच वेळी ज्यांच्या रक्तात ही रसायने खरोखर साचत होती ती हजारो जिवंत बाळे कोणाच्याच साक्षीत नव्हती. माणसाच्या मनातील सर्वांत पवित्र भावना, तान्ह्या जिवाला वाचविण्याची ओढ, तीच येथे भांडवल म्हणून वापरली गेली. खोटे बोलणे हे पाप खरेच. पण करुणेलाच खोट्याच्या कामाला जुंपणे हे त्याहून गंभीर आहे. कारण एकदा फसलेली करुणा पुढच्या वेळी खऱ्या आक्रोशाकडेही संशयाने पाहू लागते.

येथे कोणी विचारील, आग ही खरी नव्हे काय? आगीत माणसे मरतात, मुले होरपळतात. तेव्हा थोडा धोका पत्करून मोठा धोका टाळणे यात गैर ते काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि कॅथलिक नीतिविचाराजवळ तो तपासण्याचे एक जुने साधन आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आत्मरक्षणाची चर्चा करताना म्हटले की एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. पुढच्या नीतिशास्त्रज्ञांनी त्यावरून दुहेरी परिणामाचे तत्त्व मांडले. कृती मुळात वाईट नसावी. हेतू चांगल्याचाच असावा. वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन नसावे. आणि चांगल्याचे पारडे वाईटाच्या मानाने पुरेसे जड असावे.

या चार अटी येथे लावून पाहू. कापड पेटू नये अशी व्यवस्था करणे हे मुळात वाईट नाही. १९७० च्या दशकात नियम करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता असे मानायला हरकत नाही. मुलांच्या देहात रसायन साचणे हे काही आग विझविण्याचे साधन नव्हते. येथवर सारे ठीक. पण चौथ्या अटीपाशी गाडे अडते. फोमवरच्या त्या कसोटीने प्रत्यक्ष घरात फारसा लाभ होत नसेल, तर पारड्यात टाकायला उरते काय? शिवाय हे तत्त्व एक गोष्ट गृहीत धरते: कृती करणारा दोन्ही परिणामांकडे डोळे उघडे ठेवून पाहतो आहे. मिशिगन आणि ट्रिस यांच्यानंतरही ज्यांनी पाहणे नाकारले, त्यांच्या अज्ञानाला निष्पाप म्हणता येणार नाही. जाणून घेणे शक्य असताना आणि जाणून घेणे हे कर्तव्य असताना राखलेले अज्ञान हाही दोषच, असे नीतिशास्त्र पूर्वीपासून सांगत आले आहे.

आणखी एक कसोटी साध्या घरगुती अनुभवातून मिळते. आई बाळाला लस टोचून घेते तेव्हाही ती त्याच्या वतीने काही पत्करीत असते. बाळ रडते, त्याला ताप भरतो. पण तेथे तीन गोष्टी असतात: काय टोचले जात आहे हे तिला सांगितलेले असते, तिला प्रश्न विचारता येतो, आणि लाभ त्याच बाळाच्या पदरी पडतो. गादीतल्या रसायनाच्या बाबतीत या तिन्हींचा अभाव होता. आईला सांगितले कोणी नव्हते, विचारायचे कोणाला हे ठाऊक नव्हते, आणि लाभ झाला तो मुख्यतः विकणाऱ्यांचा. दुसऱ्याच्या वतीने धोका पत्करण्याचा अधिकार प्रेमातून आणि जबाबदारीतून येतो. ज्याला त्या बाळाचे नावही ठाऊक नाही आणि परिणामांचे उत्तरही द्यायचे नाही, त्याला तो अधिकार नाही.

‘परंतु हानी पुरती सिद्ध झाली आहे काय?’ हा दुसरा आक्षेप. विषाची परीक्षा घेऊ नये असे आपले वडीलधारे सांगत आले. निर्विवाद पुराव्याची वाट पाहणे म्हणजे येथे नेमकी तीच परीक्षा घेणे होय, आणि तीही दुसऱ्याच्या लेकरावर. कारण असा पुरावा मिळायला एक पिढी वाढावी लागते. पुरावा हाती येईतो त्या पिढीचे बालपण सरलेले असते. १९९२ साली रिओ दि जानेरोच्या पृथ्वी परिषदेने जाहीर केले की गंभीर किंवा अपरिवर्तनीय हानीचा धोका असेल तेथे पूर्ण वैज्ञानिक निश्चितता नाही या सबबीवर उपाय लांबणीवर टाकू नयेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या तत्त्वाचा पुरस्कार केला. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की सिद्ध करण्याचा भार बदलला पाहिजे. ‘हे घातक आहे’ हे आईने दाखवायचे नसून ‘हे निर्धोक आहे’ हे विकणाऱ्याने आधी दाखवायचे आहे.

याचा अर्थ प्रत्येक नव्या वस्तूला दार लावावे असा नव्हे. जे रसायन निसर्गात लवकर विघटित होत नाही, देहात साचत जाते आणि गर्भापर्यंत पोहोचते, त्याच्याबाबत ही तीन लक्षणेच पुरेशा सावधगिरीची खूण आहेत. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. येथे तर जग डीडीटीने पोळले, पीसीबीने पोळले, आणि तरीही पुढचा पेला न फुंकताच तोंडाला लावला गेला.

आगीपासून वाचण्याचे दुसरे मार्ग नव्हते असेही नाही. आपोआप विझणाऱ्या सिगारेटचा कायदा न्यूयॉर्क राज्याने २००४ साली अमलात आणला आणि काही वर्षांतच तो अमेरिकेच्या सर्व राज्यांत झाला. धुराची सूचना देणारी घंटा जीव वाचविते. कॅलिफोर्नियानेही २०१३ साली आपली कसोटी बदलली. आता फोमला ज्योत लावण्याऐवजी वरचे कापड धुमसत्या सिगारेटला कसे टिकते ते पाहिले जाते, आणि त्यासाठी फोममध्ये रसायने घालावी लागत नाहीत. चाळीस वर्षे जे अपरिहार्य म्हणून सांगितले गेले, ते एका नियमाच्या बदलाने अनावश्यक ठरले.

आता मातांविषयी. अशी माहिती कानी पडली की प्रथम कोण घाबरते? बाळाला पाजणारी आई. आपलेच दूध आपल्याच बाळाला बाधेल काय, ही शंका किती जीवघेणी असेल याची कल्पना पुरुषांनी करावी. म्हणून हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे: पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हे प्रदूषक शोधणारे शास्त्रज्ञही मातांना दूध तोडायला सांगत नाहीत. रोगांपासून संरक्षण, पोषण आणि माया यांचा हा ठेवा बाळाला अन्य कशातूनही मिळत नाही. दुधाची तपासणी झाली ती दूध दूषित म्हणून टाकून देण्यासाठी नव्हे. आईचा देह ज्या जगात वावरतो त्या जगाचा तो आरसा आहे, आणि डाग आरशात दिसला तर पुसायचा असतो तो चेहऱ्यावरचा.

ओल्या फडक्याने धूळ पुसणे, जेवण्यापूर्वी बाळाचे हात धुणे, फाटून फोम बाहेर आलेली गादी बदलणे, इतके घरात करता येते आणि ते करावे. पण जे कारखान्यांनी आणि नियमांनी घडविले त्याचे निवारण आईच्या केरसुणीवर सोपवून मोकळे होणे, हा त्या आईवर दुसरा अन्याय होईल. आपल्या समाजाला ही सवय जुनी आहे: मूल आजारी पडले की आईला विचारायचे, ‘तू काय खाल्लेस?’ हा प्रश्न यापुढे इतरांनाही विचारला गेला पाहिजे.

हा प्रश्न दूरच्या देशांचा आहे असे समजून आपल्याला पान उलटता येणार नाही. चिवट सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराला भारताने २००६ साली मान्यता दिली. त्या कराराच्या यादीत २००९ साली पीबीडीईच्या दोन मिश्रणांतील मुख्य घटक समाविष्ट झाले; २०१८ साली आपल्या केंद्र सरकारने स्वतंत्र नियम करून त्यांचे उत्पादन, वापर, आयात आणि निर्यात यांना मनाई केली. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीडीईचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक असू नये, अशी मर्यादा २०११ च्या ई-कचरा नियमांनी घातली होती. कायदे आहेत. पण बंदीपूर्वीचे दूरदर्शन संच आणि संगणक अजून भंगारात येतात. ते फोडणारे, वितळविणारे हात बहुधा गरिबांचे असतात, आणि त्यांत बायाबापड्याही असतात, पाठुंगळीला लेकरे असलेल्या. आपल्या घरातला जुना संच आपण दारावरच्या भंगारवाल्याला देतो तेव्हा तो पुढे कोणाच्या अंगणात फुटणार आहे, याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. तेथे न पाहणारे आपणच असतो. कारखानदारांच्या ज्या डोळेझाकीविषयी वर लिहिले, तिचेच हे लहानसे घरगुती रूप होय.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच फार गहन नाही. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार त्यालाच, जो आधी सत्य पाहतो, ते उघड सांगतो आणि परिणामांची जबाबदारी स्वतःकडे घेतो. न्हाणीत बसलेली आई हे रोज करते. पाणी बाळाच्या अंगावर घालण्याआधी ती त्यात आपला हात बुडविते. चटका बसायचाच असेल तर तो आधी तिला बसावा म्हणून. कायदा करणाऱ्यांकडून, माल बनविणाऱ्यांकडून, आणि तो विकत घेणाऱ्या व टाकून देणाऱ्या आपणा सर्वांकडून याहून अधिक काही मागायचे नाही. पण याहून कमीही मागून भागणार नाही.